माझ्या मेसमधल्या एका मुलीचा उपवास सुटतच नाही. मी काय करू?

उषाकाकू

नमस्कार. मी पुण्यात नव्या पेठेत मेस चालवते, २१ वर्षं झाली. सध्या ६० मेंबर आहेत. बहुतेक सगळे एमपीएससीची तयारी करणारे, नांदेड, बीड, यवतमाळ, धुळे अशा लांबलांबच्या जिल्ह्यांतून आलेले. इतकी वर्षं मुलांना वाढल्यावर त्यांच्या ताटावरून त्यांचं काय चाललंय ते बरंचसं कळतं. घरून पैसे आले नाहीत, निकाल वाईट लागला, कोणाशी बिनसलं, हे मला तोंडाने कोणी सांगावं लागत नाही. पण एका मुलीचं ताट मला कळेनासं झालंय, म्हणून इथे विचारते.

मुलगी २३ वर्षांची आहे. नाव-गाव लिहीत नाही. दीड वर्षापूर्वी आली तेव्हा तीन पोळ्या, वर भात, आणि रविवारी फीस्टला गुलाबजाम असले की "काकू, एक जास्त" म्हणून मागून घ्यायची. दिवाळीनंतर तिने भात बंद केला. मला काही वाटलं नाही, कारण भाताने दुपारी झोप येते असं अभ्यासिकेतली सगळीच मुलं म्हणतात. मग पोळी तीनची एक झाली. मग भाजी टिश्यू पेपरवर दाबून तेल काढायला लागली. मग संकष्टी धरली. मग सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या.

उपवास मला नवीन नाहीत. कऱ्हाडला माझ्या आईने जन्मभर सोमवार केले. संध्याकाळी सोमवार सुटायचा तेव्हा गरम भात, मेतकूट, तूप, आणि आई चार घास जास्तच जेवायची. आम्ही पोरं तिच्या ताटाभोवती बसायचो. उपवासाला सोडणं असतं. या मुलीचा उपवास सुटत नाही. उपवासाच्या दिवशी मी भगर आणि दाण्याची आमटी करते, ती तिला हात लावत नाही. बिनसाखरेची काळी कॉफी घेते. दुसऱ्या दिवशी विचारलं तर "रूमवर सोडला काकू" म्हणते.

आणि याच मुलीला दिवसभर खाण्याचाच विषय लागतो. माझ्याकडून कटाच्या आमटीची कृती वहीत लिहून घेतली. मोबाइलवर सारखे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत असते. वाढदिवसाला रूमवर शंकरपाळे केले, डबा भरून आणला, एकेकाला आग्रह करकरून वाढले. स्वतः एक तोंडात टाकला नाही.

आता अर्धी पोळी घेते. तिचे नखाएवढे तुकडे करते, ताटभर पसरवते, आणि पाऊण तास बसते. एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. डबा देताना हात लागला तर बर्फासारखा गार. गालांवर आणि हातांवर बारीक मऊ लव आली आहे, तान्ह्या बाळाला असते तशी. मागच्या आठवड्यात माझ्याच जिन्यात चक्कर येऊन बसली. "ऊन लागलं" म्हणाली.

अजून एक. महिन्यापूर्वी रविवारी फीस्टला ती अचानक खूप जेवली. मान वर न करता, कोणाशी न बोलता, भराभर. मला आधी बरंच वाटलं. मग ती वीस मिनिटं बाथरूममध्ये होती आणि नळ पूर्ण सोडलेला होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

बाकीच्या मुली तिला "किती फिट झालीस गं" म्हणतात आणि तिचं डाएट विचारतात. त्याची मला फार भीती वाटते.

आमचे हे म्हणतात, महिन्याचे पैसे वेळेवर देते, खाड्याचे परत मागत नाही, आपण कशाला पडायचं. पण मला झोप लागत नाही. हा आजार आहे का? असेल तर तिच्याशी बोलायचं कसं? मेसच्या फॉर्मवर तिच्या आईचा नंबर आहे. फोन करू का?

निमिष_पुणे

काकू, तुमची कळकळ कळते, पण आजकाल सगळ्याच मुली डाएट करतात. परीक्षेचं टेन्शन असेल. पोस्ट निघाली की जेवायला लागेल आपोआप. बाकी हे आजार परदेशातले आणि पैसेवाल्यांचे. गावाकडून आलेल्या मुलीला कुठून होणार?

रानजाई

निमिष, मी मिरजेची. वडील एसटीत कंडक्टर होते. मला हा आजार नऊ वर्षं होता.

काकू, तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना माझे हात थरथरले. तपासल्याशिवाय नाव देणं डॉक्टरांनाही जमणार नाही, पण तुम्ही जे बघितलंय ते खरं आहे आणि गंभीर आहे. याला खाण्याचे विकार म्हणतात, ईटिंग डिसऑर्डर. त्यात बरेच प्रकार येतात. उपाशी राहत जाणं आणि वजन वाढण्याची, खाण्याची भीती बसणं हा ॲनोरेक्सिया. लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३-७४ मध्ये हे नाव दिलं. त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणं, आणि ते नावच चुकीचं आहे. भूक असते. पोटात आग पडलेली असते आणि माणूस तिच्यावर पाय देऊन उभं असतं. दुसरा बुलिमिया. भान सुटल्यासारखं खूप खाणं आणि मग ओकून, जुलाबाची औषधं घेऊन, उपाशी राहून किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम करून ते "फेडणं". याचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. शब्द ग्रीक आहे, बैलाएवढी भूक. तिसऱ्यात तसंच खाणं होतं पण नंतर फेडणं नसतं, फक्त लाज असते. त्याला अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा २०१३ मध्ये मिळाली. एकाच माणसात हे प्रकार मिसळतातही. तुमच्या मुलीत मला दोन दिसतात.

ती पाककृती लिहून घेते याचं तुम्हाला नवल वाटलं ना? मला माझ्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती तुम्हाला सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, स्वतःहून पुढे आलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचं नव्हतं. तरी ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एक जेवण तासन्‌तास पुरवायला लागले, ताटल्या चाटायला लागले. उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. मित्र, गप्पा, पुस्तकं सगळ्यातलं मन उडालं आणि डोक्यात फक्त अन्न राहिलं. म्हणजे जे तुम्हाला त्या मुलीचं विचित्र वागणं वाटतंय, त्यातलं पुष्कळसं उपासमारीनेच झालेलं आहे. लव, स्वेटर, गार हात हेही तेच. शरीर ऊब आणि शक्ती राखून ठेवतंय. पाळी थांबली असण्याचीही शक्यता आहे.

आता माझं. मी कधीच बारीक नव्हते. म्हणून नऊ वर्षं घरात कोणाला कळलं नाही. चुलत बहिणीच्या लग्नात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "हिची स्थळं बघायच्या आधी हिचं जेवण बघा." मी १९ वर्षांची होते. तिने मुद्दाम लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, आणि एका वाक्याने आजार होत नाही. स्वभाव, घराण्यातली प्रकृती, वय, सुरू केलेलं डाएट, असं बरंच साचलेलं असतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेले आणि सुरू झालं. दिवसभर कडक, रात्री सगळं कोसळायचं. रिकामे पुडे पलंगाखालच्या बॅगेत. एकाच दुकानदाराला कळू नये म्हणून चार दुकानं. मार्क उत्तम. घरी सगळ्यांना कौतुक की पोरगी किती शिस्तीची.

पहिल्यांदा ओळखलं ते होस्टेलचं बाथरूम धुणाऱ्या मावशींनी. एक दिवस म्हणाल्या, "ताई, रोज पोट बिघडतंय का तुमचं?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "बरं. मी सकाळी सातला इथंच असते." एवढंच. रागावल्या नाहीत, रेक्टरला सांगितलं नाही, मला घाण म्हटलं नाही. तीन आठवड्यांनी मी सकाळी सातला त्यांच्याजवळ जाऊन रडले. त्यानंतरही डॉक्टरकडे जायला मला वर्षं लागली, आणि तेही सेमिनार देताना कोसळल्यावर. रक्तात पोटॅशियम इतकं कमी होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. पण माझ्याबद्दल एका माणसाला माहीत आहे आणि ते माणूस मला टाकत नाही, हे मला त्या सकाळपासून ठाऊक होतं. त्या मावशींसाठी मी आजही सातला उठते आणि चहा टाकते.

म्हणून तुमच्या यजमानांना सांगा, मेसवालीनेच पडायचं असतं. घरच्यांपासून लपवायला सणावारी चार दिवस पुरतात. तुम्ही रोज दोन वेळा ताट बघता.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती तुम्हाला कदाचित कधीच म्हणणार नाही की मला जाड व्हायची भीती वाटते. हाँगकाँगच्या सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात लिहिलंय की त्यांच्याकडच्या बऱ्याच रुग्ण मुली "पोट भरल्यासारखं वाटतं", "भूक नाही" एवढंच म्हणत. आपल्याकडे गॅस, ॲसिडिटी, अभ्यास आणि उपवास ही कारणं हाताशीच असतात. कारण खरं की खोटं यावर वाद घालू नका. उपवास सुटत नाही हे तुमच्या लक्षात आलं, हीच तुमची खूण.

दंतवैद्य_नाशिक

माझ्या खुर्चीत असे रुग्ण येतात आणि ते दातांच्या ठणक्यासाठी आलेले असतात. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू, जिभेकडची, झिजून गुळगुळीत झालेली असते. वारंवार उलटी झाली की पोटातलं आम्ल तिथे लागतं. कानाखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी सुजून चेहरा गालगुंड झाल्यासारखा गोल दिसतो, त्यामुळे उलट "गाल वर आलेत, तब्येत सुधारली" असं लोक म्हणतात. काहींच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे असतात. मी कधीही थेट आरोप करत नाही. दरवाजा लावून घेते आणि सांगते, "दात असे झिजण्याची दोन-तीन कारणं असतात, त्यातलं एक उलट्या. तसं काही असेल तर मला सांगितलंत तरी चालेल, नाही सांगितलंत तरी मी दात नीट करीनच." त्यावर काही जणी रडतात. दोन मुलगेही रडलेत.

करवीर

मुलग्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडं पोरगं तालमीत जात होतं. वजनी गटात बसायचं म्हणून आधी पाणी सोडायचं, घाम काढायचा, आणि कुस्ती झाली की थाळीवर तुटून पडायचं. तालमीत सगळेच करतात म्हणून आम्हाला वावगं वाटलं नाही. पुढं खांदा गेला, कुस्ती सुटली, आणि ते वजन काट्यावर बघायचं सुटलं नाही. पहाटे तीनला उठून जोर मारायचा. एक दिवस व्यायाम चुकला तर जेवायचा नाही. मी गावभर सांगायचो, पोराला शिस्त आहे. रानजाई ताईंच्या घरच्यांसारखंच. डॉक्टर म्हणाले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की हे मुलग्यांना पण होतं. दोन वर्षं झाली, आता बरं आहे. घरातला वजनकाटा मी माझ्या हातानं भंगारात दिला.

उषाकाकू

तुम्हा सगळ्यांचं दोनदा वाचलं. रानजाई, तुमच्या मावशींचं वाचून मला रडू आलं. एवढं सांगा, पहिलं वाक्य काय बोलू? आणि समोर बसवून खायला घातलं तर चालेल का? मला तेच येतं.

रानजाई

काकू, जेवणाच्या वेळी बोलू नका आणि ताटासमोर बोलू नका. दुपारी मेस बंद झाल्यावर, हाताला काहीतरी काम असताना बोला. समोरासमोर बसून डोळ्यांत बघून बोललं की माणूस कोंडल्यासारखं होतं. वजन, बारीक, जाड, हाडं दिसतात, यातला एकही शब्द नको. कौतुक म्हणूनही नको. "बारीक दिसतेस" म्हटलं की आजाराला ते शाबासकीसारखं ऐकू येतं, आणि "आता बरी दिसतेस" म्हटलं की जाड झालीस असं ऐकू येतं. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा. जिना, स्वेटर, गार हात. आणि तुम्हाला काळजी वाटते. ती नाही म्हणेल, चिडेल. चिडू दे.

खायला घालायची घाई मात्र करू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट वगैरे झपाट्याने खाली येतं, त्याने जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरकडे रक्ततपासणी आणि ईसीजी. चक्कर आलेली आहे, त्यामुळे हे या आठवड्यातच व्हायला हवं. पुन्हा शुद्ध हरपली, छातीत धडधडलं, पाणीही पोटात ठरेना, किंवा जगायचं नाही असं काही बोलली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तेव्हा तिची परवानगी, तिचा राग काही बघू नका, आईला फोन करा. एरवी आधी तिच्याशीच बोला, ती सज्ञान आहे, आणि तिच्या पाठीमागे फोन केलात तर तुमचा जिना चढायची बंद होईल.

मानसोपचारतज्ज्ञ कुठे शोधायचा कळत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात. ससूनमध्येही मानसोपचार विभाग आहे. मला बरं केलं ते कोणत्या गोळीने एकट्याने नाही. घड्याळ लावून तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, भूक असो नसो, आणि दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं. रटाळ आहे आणि फार अवघड आहे. मी दोनदा घसरले. पण बरी झाले.

निमिष_पुणे

माझी वरची प्रतिक्रिया मागे घेतो. माझ्या अभ्यासिकेत एक मुलगा आहे, त्याचा डबा रोज माझ्याकडे येतो. "तू खा, मला नको." मी सहा महिने आनंदाने खातोय. उद्या त्याच्याशी बोलतो.

उषाकाकू

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मध्ये फार धावपळ झाली.

अडीचला मेस बंद झाली की मी लसूण सोलायला बसते. तिला म्हटलं, "बस गं, हात लाव जरा." सोलता सोलता म्हणाले, "तू जिन्यात बसलीस तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हात गार असतात तुझे. फीस्टच्या दिवशी नळाचा आवाज मी ऐकला. मी कोणाला बोलले नाही. मला काळजी वाटते, एवढंच." तिने हातातली पाकळी ठेवली आणि उठून गेली. पुढे चार दिवस आली नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढे चार खाडे पडले आणि प्रत्येक खाडा लिहिताना वाटलं, मी सगळं घालवलं. तिच्या रूममेटकडून रोज तेवढं विचारून घ्यायचे, की बरी आहे ना.

पाचव्या दिवशी अडीचला आली. न बोलता लसूण घेतला. बराच वेळ सोलला. मग म्हणाली, "काकू, मला दिवसभर खाण्याशिवाय काहीच सुचत नाही. एक पान वाचून होत नाही. सगळ्यांना वाटतं मी अभ्यास करते." माझ्या फोनवरून आम्ही दोघींनी १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंनी तिच्याशी अर्धा तास शांतपणे बोलून घेतलं आणि आधी फिजिशियनकडे जायला सांगितलं. नाडी फार मंद निघाली. त्याच संध्याकाळी दाखल करून घेतलं, आठ दिवस ठेवलं, रोज रक्त तपासत हळूहळू खाणं वाढवलं. रानजाई, तुम्ही घाई करू नका म्हणालात ते किती खरं होतं ते मला तिथे कळलं. मी शिरा करून नेणार होते.

आईला तिने स्वतःच फोन केला. त्या रात्रीच्या गाडीने आल्या. वॉर्डाबाहेर मला म्हणाल्या, "ताई, माझंच काही चुकलं का?" मला उत्तर देता येईना, मी त्यांचा हात धरून बसले. मग मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की चूक शोधत बसू नका, आता औषध म्हणजे अन्न आणि ते तिच्याबरोबर बसून तुम्ही द्यायचं. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यानंतर त्या रडताना मला दिसल्या नाहीत.

आता त्या जवळच एक खोली घेऊन राहिल्यात. दोघी दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतात. टेबलावर वजनाचा आणि डाएटचा विषय काढायचा नाही असं मी सगळ्या मेंबरांना सांगितलंय. पोरांनी ऐकलं. ज्या मुली तिचं डाएट विचारायच्या त्यांच्यातल्या एकीचं ताट मी सध्या लक्ष ठेवून बघते आहे.

डॉक्टरांनी तिचे सगळे उपवास बंद केले आणि सांगितलं, शेजारी जो बसेल त्याने तेच, तेवढंच जेवायचं. आईचे स्वतःचे सोमवार होते, लग्नापासूनचे, २६ वर्षांचे. रविवारी रात्री मला विचारायला आल्या की उद्या भगर कराल का. मग दारातच थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नको. दोघींची पानं सारखीच वाढा."

सोमवारी भेंडीची भाजी, आमटी, पोळी आणि भात होता. आई एक घास घ्यायच्या, मग ती घ्यायची. मध्ये दोनदा तिने हात आखडला, आईही तितका वेळ थांबल्या. एक तास दहा मिनिटं लागली. पानात भात थोडा राहिला, पोळी संपली.